पोलिश भाषा अगदी सुरुवातीपासून कशी शिकू? मदत हवी आहे (अर्जंट)

मेघना_के: पुढच्या महिन्यात निघायचंय आणि पोलिश काही डोक्यात शिरत नाहीये. अ‍ॅप नियम सांगतच नाही, नुसती वाक्यं फेकतं. एकाच गावाचं नाव कधी क्राकुफ, कधी क्राकोवा, कधी क्राकोव्ये, हे सगळं पाठ करायचं का? सोपा मार्ग सांगा प्लीज.

निनाद७: शिकायला जाताय की नोकरीला? अक्षरं वाचता येतात का? काहीच लिहिलं नाहीत, कसं सांगणार?

सुलूमावशी: जाड जॅकेट इथून नेऊ नकोस गं, तिकडेच घे.

मेघना_के: मुलगी तिथल्या शाळेत जाणारे, तिच्या बाईंशी मलाच बोलावं लागेल. अक्षरं थोडी येतात, ते काट मारलेलं एल अडतं.

वॉर्सावासी: काट मारलेला एल म्हणजे ओठ गोल करून म्हणायचा व. डब्ल्यू म्हणजे व्ही, पण शब्दाच्या शेवटी त्याचा फ होतो, म्हणून क्राकुफ. नुसता सी म्हणजे आपल्या चोरातला च, चारातला नाही, हा मराठी माणसाला आयताच येतो. जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. आणि पाठ कसलं करताय, विभक्ती आहे ती! पुणे, पुण्याला, पुण्यात करतोच ना आपण? एकूण सात आहेत, आधी प्रथमा, द्वितीया, षष्ठी घ्या. 'दो' आलं की षष्ठी, दो क्राकोवा म्हणजे क्राकुफला.

निनाद७: महिनाभरात विभक्त्या कुठे शिकवता त्यांना? मी जेन दोब्री (नमस्कार), प्रोशे (प्लीज), जेंकुये (धन्यवाद), पशेप्राशाम (माफ करा) एवढ्यावर सुरुवात केली, काही अडलं नाही.

वॉर्सावासी: दुकानात नाही अडणार. पण दोन तिकिटं द्वा बिलेती आणि पाच झाली की प्येंच बिलेतुफ, पाठ केलेल्या वाक्यात आकडा बदलला की काय करणार?

कोल्हापूरकर: पोलिशवरून आठवलं, आमच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका नि मुलं. जाण्याआधी एकदा बघून या.

मेघना_के: नक्की. पण बाईंना चेश्च, म्हणजे हाय, म्हटलं तर चालेल ना? अ‍ॅपवर तेच पहिलं शिकवलंय.

वॉर्सावासी: अजिबात नको, चेश्च मैत्रिणीला. बाईंना जेन दोब्री, आणि पुढे तू नाही, 'पानी' (म्हणजे मॅडम) म्हणून 'ती'चं क्रियापद लावायचं. "चि पानी मुवी पो आंग्येल्स्कु?" म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतं का. हे एक मात्र निनाद म्हणतात तसं आजच पाठ करा.