बाजार पडला म्हणून एसआयपी मोडून सगळं सोसायटीत ठेवायचं का?

शहापूरकर:
सप्टेंबर 2024 मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, 86 हजारांजवळ होता, मार्च 2025 च्या सुरुवातीला 73 हजारांवर आला. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या तिघांनी एसआयपी (म्युच्युअल फंडातून शेअरमध्ये दरमहा टाकायची ठरावीक रक्कम) मोडली आणि पैसे क्रेडिट सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, मुदत ठेवीला टाकले. का, तर "तिथं आकडा कमी तरी होत नाही."

मला हे अजिबात पटलेलं नाही. शेअरचा भाव रोज मोबाईलवर दिसतो म्हणून तोटा दिसतो. सोसायटीनं दिलेलं कर्ज थकलं तरी आपल्या पासबुकातला आकडा तसाच राहतो. माझ्या मावशीनं दोन माग विकून आलेले पैसे असेच ठेवले होते. मुदत संपल्यावर मागायला गेली तर "पुढच्या महिन्यात या". असे किती महिने गेले, ते मी पाहिलंय.

निपाणीकर काका:
मावशींचं ऐकून वाईट वाटलं. पण एका संस्थेवरून सगळ्यांना झोडू नका. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात निम्मं आयुष्य घालवलंय. विड्या वळणाऱ्या बायकांच्या दारात पिग्मीवाला, म्हणजे सोसायटीसाठी रोजची बचत गोळा करणारा माणूस, रोज जायचा, दहा-वीस रुपये न्यायचा. जूनमध्ये पोरांच्या फीला त्याच पिग्मीवर कर्ज मिळायचं. त्यांना दुसरं कोण उभं करून घेणार होतं? 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळात पतपेढी निघाली, ती सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठीच की!

आणि बाजाराचं म्हणाल तर सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजार, मार्च 2009 मध्ये 8 हजार. परत तिथं यायला 2010 ची दिवाळी उजाडली. तोवर पोरीचं लग्न थांबवायचं?

अनगोळची ताई:
काका, सहकारी बँक वेगळी आणि सोसायटी वेगळी, हे तुम्ही दोघंही सांगत नाही. मी सहकारी बँकेत नोकरी केलीय, म्हणून सांगते. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि तिथल्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंत. सोसायटीला, मग ती सौहार्द (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकार कायद्याखालची) असो की मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी), हा विमा नाही. बाहेरच्या पाट्या मात्र सारख्याच दिसतात, आणि काउंटरवर हे आपणहून कुणी सांगत नाही. सोसायटी व्याज जास्त देते, कारण ती कर्जही महाग देते. महाग कर्ज बहुतेक तोच घेतो, ज्याला बँकेनं परत पाठवलेलं असतं.

शहापूरकर:
ताई, हेच मला नीट मांडता आलं नव्हतं.

काका, लग्नाचा मुद्दा मान्य. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये नकोच. पण आमच्या गल्लीतल्या तिघांचे पैसे पंधरा वर्षांनंतरच्या निवृत्तीचे होते. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 अंकांनी पडून 26 हजारांवर आला, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा 42 हजारांवर होता. भीतीनं सगळे एकदम विकायला निघाले की भाव पडतो. त्या दिवशी कारखाने काही मोडून पडलेले नसतात. दरवेळी इतक्या लवकर सावरेल असं मी म्हणत नाही, 2008 चं तुम्हीच सांगितलंत. पण त्या तिघांनी मार्चमध्ये विकून कागदावरचा तोटा खरा करून घेतला.

निपाणीकर काका:
तरी माझं मत तेच. आमच्या सोसायटीचा चेअरमन चौकात भेटतो, त्याला हटकून विचारता येतं. तुमच्या फंडवाल्याला कुठं गाठायचं?

अनगोळची ताई:
काका, रागावू नका. ओळखीनंच कर्ज मंजूर होतं आणि ओळखीमुळंच वसुलीला कुणी जात नाही. हे मी टेबलापलीकडून बघितलंय. थकीत कर्ज किती आणि त्यात संचालकांच्या घरचं किती, एवढं तरी विचारा त्यांना.

निपाणीकर काका:
सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा आहे. दरवर्षी अहवाल घेतो, चहा पितो आणि घरी येतो. यंदा उभा राहून विचारतो. काय सांगतात ते इथंच लिहीन.