टाइप १ मधुमेह: मुलीचं सगळं एकट्या आईवर पडतंय, कामं कशी वाटावीत?

सिंहगडरोड_आई
मुलगी ८ वर्षांची, वजन २२ किलो. निदान होऊन तीन महिने झाले. दिवसाला चार इंजेक्शनं, रात्री २ ला शुगर, सगळं मीच करते. नवऱ्याची कधी सेकंड शिफ्ट असते. सासूबाई मदतीला तयार आहेत, पण काढा सुरू करून इन्सुलिन कमी करू म्हणतात. मोठा मुलगा १३ वर्षांचा, हल्ली गप्प असतो. घराची घडी कशी बसवायची?

चिमणी_पेन
ताई, ‘मदत करा’ म्हणून भागत नाही, अख्खं काम सोपवा. घरात किमान तिघांना इंजेक्शन आणि लो शुगर, दोन्ही जमायलाच हवं.

आजींना इन्सुलिनचं पेन हातात देऊन शिकवा. सुई नवी, आधी २ युनिट हवेत सोडायचे, मग डोस. बटण पूर्ण दाबून १० आकडे मोजायचे आणि मगच सुई काढायची. घाई केली की इन्सुलिन त्वचेवर टपकतं, शुगर चढते आणि मग ‘डोस पुरत नाही’ असा गैरसमज होतो. जागा रोज बदला. एकाच ठिकाणी टोचलं तर गाठ येते आणि तिथून औषध नीट शोषलं जात नाही.

फ्रिजवर कागद लावा: ७० च्या खाली शुगर आली तर ग्लुकोज पावडर चहाचे २ सपाट चमचे पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून १०८ लावायचा. ग्लुकागॉन (शुगर पटकन वाढवणारं तातडीचं औषध) मिळणार असेल तर त्याचा डोस डॉक्टरांकडून त्याच कागदावर लिहून घ्या.

हडपसर_बाबा
रात्र अर्धी-अर्धी वाटू नका, दोघांचीही झोप मोडते. एक रात्र पूर्ण तुमची, एक त्यांची. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सुट्टीच्या रात्री त्यांच्या. रोज २ चा गजर लागतोच का, हे डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी खूप खेळणं झालं, डोस बदलला किंवा आजारपण असलं, तर मात्र सोडू नका. खेळानंतरची लो शुगर कित्येक तासांनी, झोपेत येते.

आजी_मंडळ
काढ्याबद्दल भांडू नका, कारण सांगा. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या आहेत. त्या काढ्याने परत येत नाहीत. निदानानंतर काही महिने बऱ्याच मुलांना इन्सुलिन आपोआप कमी लागतं. नेमक्या त्याच काळात काढा चालू असला की त्याचा गुण आला असं वाटतं आणि इंजेक्शन बंद केलं जातं. मग कीटोन (इन्सुलिन नसलं की रक्तात साचणारी आम्लं) वाढून उलट्या, धाप, आयसीयू. आजींना पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

गणपतीत सोसायटीभर आरत्या असतात. प्रसाद डब्यात घेऊन या आणि जेवणासोबत मोजून द्या, म्हणजे त्याचा डोस जेवणाच्या डोसातच धरता येतो. मोदकही चालतो.

चिमणी_पेन
दादाबद्दल राहिलंच. त्याला बहिणीवर पहारेकरी नेमू नका. ग्लुकोज कुठे आहे आणि फोन कुणाला करायचा, एवढं त्याला माहीत असलं की पुरे. आठवड्यातून एकदा त्याच्याबरोबर एकट्याने बाहेर जा, तेव्हा शुगरचा विषय काढू नका. त्याचं गोड मात्र बंद करू नका, राग बहिणीवर निघतो.

व्हॅनकाकांकडे ग्लुकोजची पुडी आणि तुमचा नंबर द्या. एप्रिल-मे मध्ये इन्सुलिन स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. वापरातलं पेन ओल्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं तरी चालतं. फ्रीझरमध्ये कधीच नाही.