मदत हवी आहे: बीटी ते डेथ व्हॅली, नेवाडा ३७४ रस्ता अंधारात

डिसेंबरअखेर आई-बाबांना घेऊन लास वेगासहून डेथ व्हॅलीला जातोय. जाताना पह्रम्पमार्गे, मुक्काम नेवाडातल्या बीटी या छोट्या गावी. म्हणजे संध्याकाळी डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकहून डेलाइट पास ही खिंड चढून नेवाडा ३७४ ने बीटी गाठायचं. राज्य महामार्ग म्हणायचा, पण जेमतेम २० किलोमीटरचा! सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो, त्यामुळे हा टप्पा अंधारातच येणार.

गाडी भाड्याची, साधी सेडान. कच्च्या रस्त्याला परवानगी नाही, म्हणून टायटस कॅन्यन आधीच बाद. रायोलाइटची ओसाड वस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी बघू. ऑफलाइन नकाशा उतरवलाय, टाकी पह्रम्पला फुल करणार, पाणी भरपूर. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्ता सुरू दिसतोय, तो निघण्याआधी पुन्हा बघेनच.

अडचण दोन गोष्टींची. फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या खाली आणि खिंड १३०० मीटरवर; आईला वळणांवर गाडी लागते. शिवाय बीटीच्या आसपास रानगाढवं मोकाट फिरतात म्हणे (बाबा मात्र यावर भलतेच खूश आहेत).

मुक्काम बदलता येणार नाही. हिवाळ्यात रात्री हा रस्ता कोणी स्वतः चालवलाय का? वळणं कितपत त्रासदायक आहेत, आणि गाढवं खरंच डांबरी रस्त्यावर येतात का?