मदत हवी आहे : फोन करणाऱ्या पोरालाच कॉलेजातून काढताहेत

नमस्कार मंडळी. चंद्रपूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, राष्ट्रीय सेवा योजनाही (रासेयो) माझ्याकडेच आहे.

गॅदरिंगच्या रात्री साडेअकराला सेकंड इयरच्या एका पोराचा फोन आला. "सर, रागावू नका, पण लवकर या." रूमवर गेलो तर फर्स्ट इयरचा एक पोट्टा दारू पिऊन बेशुद्ध. हाक मारली तरी ओ नाही, श्वासाला घरघर, उशीवर उलटी. पण फोन करणाऱ्यानं त्याला कुशीवर वळवून पाठीला दप्तर लावून ठेवलं होतं. शिबिरात मी प्रथमोपचाराचा तास घेतला, तेव्हा हाच मागे बसून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटत होता! बाकीचे तिघं "झोपू द्या, सकाळी उतरते" म्हणत होते. 108 ला फोन केला, ग्रामीण रुग्णालयात नेलं. पोरगा वाचला.

आता शिस्त समिती पाचही जणांना काढायला निघाली आहे. फोन करणाराही प्यायला होता, ते मी लपवत नाही. पण त्याला काढलं तर पुढच्या वेळी मला फोन कोण करेल? बाहेरून कडी लावून निघून जातील पोट्टे.

रॅली, शपथ, पथनाट्य सगळं करून झालं. शपथ घेतात आणि तसेच पानठेल्यावर जातात. 2003 च्या कायद्यानं कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखू विकता येत नाही. आमचा ठेला गेटासमोर. बिअरला वय 21 लागतं, कडक दारूला 25, आणि हा पोरगा अठराचा. जिल्ह्यात 2015 ला दारूबंदी आली, 2021 ला उठली. या पाचातला एक सातवीत असताना दप्तरातून दारूचे पव्वे पोचवायचा, स्वतःच सांगतो. त्याला मी 'दारू वाईट' म्हणून काय नवीन सांगणार?

मदत मागणाऱ्यावर कारवाई नाही, असा लेखी नियम कुणाच्या कॉलेजात आहे का? समितीपुढे कसं मांडू? गुरुवारी बैठक आहे.

प्रतिसाद १
सर, समुपदेशनाचं काम करते. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातही कलम 64अ आहे: थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. ते दारूला लागू नाही, पण समितीला दाखवा. एवढा कडक कायदासुद्धा उपचाराची वाट उघडी ठेवतो म्हणावं. आणि पाचही जणांना एकेकट्याला बसवून विचारा, रोज लागते का. रोज पिणाऱ्याला 'आजपासून बंद' म्हणू नका. हात थरथरतात, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446.

प्रतिसाद २
भाऊ, सगळ्यांना मोकळं सोडलं तर उद्या कोणीच भिणार नाही. बाटली आणून त्या लहान्याला पाजली कोणी? त्याला वेगळा काढा.

धागाकर्ता
ताई, धन्यवाद. रोजचं विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच विचारतो. भाऊ, तुमचं पटलं. आणणारा एकच होता, बाकीच्यांनी पैसे काढले होते. तिन्ही प्रकारच्या पोरांची वेगवेगळी नोंद करून मागतो: पाजणारा, गप्प राहिलेले, फोन करणारा. मसुदा रात्री इथेच टाकतो, जरा नजर घाला. त्या लहान्याच्या घरी अजून कोणी सांगितलेलं नाही. वडील स्वतः मोहाची काढतात. त्यांच्याशी कसं बोलू, तेही सुचवा.