यॉर्की घ्यावा का? पाचवा मजला, घरात पाच वर्षांची मुलगी

निशिगंध (ठाणे):
नमस्कार. लेक वर्षभर कुत्र्यासाठी मागे लागली आहे. वन बीएचके, सासूबाई दिवसभर घरी, मोठं कुत्रं झेपणार नाही, म्हणून यॉर्कशायर टेरियर बघतोय. एकाने 'टीकप यॉर्की' म्हणून फोटो पाठवलेत, खरंच कपात बसवलेलं पिल्लू. वय पस्तीस दिवस. किंमत ऐकून नवऱ्याने फोन उलटा करून ठेवला. स्वभावाने कसं असतं हे? फार भुंकतं का? केसांचं किती करावं लागतं? ज्यांनी पाळलंय त्यांनीच सांगा, यूट्यूब पाहून झालंय.

धोटा (हडर्सफील्ड):
निशिगंधताई, आमची कांडी अकरा वर्षांची आहे, त्या हक्काने लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी मूळचा इचलकरंजीचा, वडिलांचे चार माग होते. आता पोट इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्डला आहे, आणि हे कुत्रं नेमकं याच भागातलं, तेही मागवाल्यांचंच. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर कामासाठी यॉर्कशायरच्या गिरण्यांकडे आले, येताना आपले छोटे टेरियर घेऊन आले. त्यातून ही जात झाली. गिरणीतले उंदीर मारायला ठेवायचे. इथे जुना विनोद आहे की याचे केस मागावरच विणलेत. जातीचा मूळपुरुष मानतात तो 'हडर्सफील्ड बेन', जन्म १८६५, १८७१ला घोडागाडीखाली गेला. प्रदर्शनं जिंकायचा आणि उंदीर मारायच्या शर्यतीपण.

हे पुराण अशासाठी की लोक रिबीन बघून फसतात. आमची आई इकडे आली तेव्हा म्हणाली, "हे कसलं कुत्रं रे, घुशीएवढं तर आहे." चौथ्या दिवशी परसातल्या कंपोस्टच्या डब्यामागे खडबड झाली. कांडी गेली, मानेला धरून दोन झटके दिले आणि मेलेला उंदीर आणून आईच्या सपातीवर ठेवला. आई किंचाळली. पण त्या दिवसापासून कांडीला रोज तूप लावून भाकरीचा तुकडा चालू झाला, तोही माझ्या चोरून. तीन महिन्यांत कांडी ३.१ची ३.७ किलो. इथल्या केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींचे निकष ठरवणारी संस्था) निकषात वजन ३.२ किलोपर्यंतच. डॉक्टरने आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

तर स्वभाव: धीट, हट्टी, माणसाला चिकटून राहणारं. स्वतःच्या आकाराचा पत्ता नाही, जर्मन शेफर्डवरही धावून जाते. भुंकतं. लिफ्टचं दार वाजलं, भुंकणार. लहानपणापासून "बास" म्हटल्यावर गप्प झाली की खाऊ, असं शिकवलं तर आटोक्यात राहतं. भुंकली की कौतुकाने उचलून घेतलं तर तीच सवय लागते.

केस. अंगावर आतली लोकर नसते, माणसासारखा एकपदरी केस, वाढतच राहतो. गळतो कमी, गुंततो फार. कोरड्या केसांत ब्रश घालू नका, तुटतात. आधी पाण्याचा फवारा. आणि टोकाकडून सुरुवात. सुताचा गुंता वडील असाच सोडवायचे, मोकळं टोक हातात धरून मागे मागे जायचं, मुळाकडून ओढलं की गाठ आवळते. कानामागे आणि काखेत रोज बोट घालून बघा, गाठी तिथेच. तुम्ही सरळ बारीक कापून ठेवा, आम्हीही तेच करतो. जमिनीपर्यंतचे केस प्रदर्शनवाल्यांना लखलाभ. पिल्लू काळं दिसलं तरी घाबरू नका, निळसर पोलादी रंग यायला दोन-तीन वर्षं जातात.

आता दुखणी. दात यांचा कच्चा दुवा. कांडीचे दुधाचे दोन सुळे पडलेच नाहीत, काढावे लागले. रोज ब्रश, कुत्र्यांची पेस्ट, माणसांची नाही. श्वासनलिका नाजूक, म्हणून गळ्यात पट्टा बांधून ओढायचं नाही, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. बदकासारखा खोकला आला तर डॉक्टर गाठा.

तुमचा खरा प्रश्न मात्र मुलीचा आहे. सोफ्यावरून उडी मारली किंवा हातातून सुटलं तरी पुढच्या पायाचं हाड मोडतं. पाच वर्षांच्या मुलीने जमिनीवर बसूनच घ्यायचं, उभ्याने नाही, हा नियम पाळता येणार असेल तरच.

आणि टीकप नावाची जात नाही. मुद्दाम खुजी पिल्लं पैदा करतात, नाहीतर कोवळ्या वयात विकतात म्हणून कपात मावतात.

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर):
शेवटच्या परिच्छेदाला दुजोरा. पस्तीस दिवसांचं पिल्लू विकणं बेकायदाच आहे. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांआधी विकता येत नाही. यॉर्कीसारखं इवलं पिल्लू दहा-बारा आठवडे आईजवळ राहिलं तर आणखी बरं. माझ्या मावसभावाने असंच कोवळं आणलं. सकाळचं खाणं चुकलं, दुपारी पिल्लू लटपटायला लागलं. साखर उतरली होती. हिरड्यांना मध चोळून दवाखान्यात पळवलं, वाचलं थोडक्यात. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या.

उन्हाचं धोटादादांना हडर्सफील्डात काय माहीत! एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाच्या आत फिरवून आणा. रस्त्यावर तळहात पाच सेकंद टेकवा, टिकला नाही तर त्याचे पायही टिकत नाहीत. आणि मनुका, द्राक्षं अजिबात नाही, किडनी जाते. गणपतीत पाहुणे मोदक भरवतात, सारणात मनुका असतात, कोणाच्या लक्षात येत नाही.

निशिगंध (ठाणे):
दोघांचे आभार. काल त्या माणसाला म्हटलं, पिल्लाची आई बघायची आहे, घरी येतो. म्हणे आई गावाला असते. पुढे विचारलं, कुठल्या गावाला? फोन ठेवला त्याने.

सासूबाईंनी सगळा धागा वाचला. त्या म्हणतात आपल्या किचनच्या बाल्कनीत घुशी येतात, तेवढं काम करेल का? धोटादादा, उत्तर द्या म्हणजे त्या मला सोडतील.

धोटा (हडर्सफील्ड):
नको नको. सासूबाईंना सांगा, घूस म्हणजे साधा उंदीर नव्हे, आणि ती लेप्टोच्या तापाची वाहक. बाल्कनीला आधी जाळी मारा. गजांमधून हे कुत्रं सहज निसटतं, पाचव्या मजल्यावर तर जाळी लागेलच.