मदत हवी आहे : सभासदच बाहेर माल विकतायत, संस्था टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबलाय पण वाचा प्लीज, खरंच मदत हवीये.

आमची शेतमाल विक्रीची छोटी सहकारी संस्था आहे, सभासदांचा माल गोळा करायचा, प्रतवारी करायची आणि मोठ्या खरेदीदाराला एकगठ्ठा विकायचा, सोबत खतं-बियाणं घाऊक आणून द्यायचं. मी संचालक मंडळात नवीन आहे. संस्था नव्हती तेव्हा व्यापारी पडेल भावाने घ्यायचे, काट्यात मारायचे, पैसे थकवायचे, सगळं आम्ही बघितलंय. संस्थेने स्वतःचा काटा बसवला, रोजचा भाव फळ्यावर लिहायला सुरुवात केली आणि तेच व्यापारी सरळ झाले. आता तर ते संस्थेपेक्षा थोडा जास्तच भाव देतात आणि तोही रोख, त्यामुळे आमचे सभासद चांगला माल तिकडे घालतात आणि उरलेला संस्थेत आणतात. मग संस्थेची सरासरी प्रत घसरते, भाव कमी मिळतो, पुढच्या वेळी अजून चार जण बाहेर जातात. गोदाम, काटा, पगार हा खर्च तर तेवढाच राहतो ना, १०० क्विंटलवर वाटायचा खर्च ६० क्विंटलवर आला की क्विंटलमागे दीडपटीच्या वर जातो.

सभेत सरळ विचारतात की व्यापारी जास्त देतोय तर संस्था हवी कशाला. मला माहितीये की तो जास्त भाव संस्था आहे म्हणूनच मिळतोय, पण हे आकड्यात दाखवू कसं? आणि माल संस्थेलाच घालायची सक्ती करावी का? मला सक्ती आवडत नाही पण संस्था बंद पडलेली त्याहून आवडणार नाही. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद :
ताई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि जुनं आहे. एडविन नोर्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२२ मध्ये हेच मांडलं होतं, सहकारी संस्थेने सगळा बाजार ताब्यात घ्यायची गरज नाही, ती मापदंड म्हणून बाजारात उभी असली तरी खाजगी खरेदीदाराला नीट वागावं लागतं. अडचण अशी की हा फायदा सभासद नसलेल्यालाही फुकट मिळतो. त्याच दशकात केंटकीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी माल संस्थेलाच घालायचे कित्येक वर्षांचे करार करून मोठी संस्था काढली, भाव वर गेले, पण बाहेर राहिलेल्यांनी वाढलेल्या भावात लगेच विकून पैसे घेतले आणि सभासद हप्त्यांची वाट बघत बसले. करार संपल्यावर संस्था टिकली नाही. म्हणजे नुसता कागद पुरत नाही, पैसा कधी हातात येतो ते बघा आधी.

प्रतिसाद :
सक्तीला एवढं घाबरू नका हो. डेन्मार्कमध्ये १८८२ ला येडिंग गावात पहिली सहकारी डेअरी निघाली, तिथल्या डेअऱ्यांच्या पोटनियमातच असायचं की घरापुरतं ठेवून बाकी सगळं दूध डेअरीलाच घालायचं. पण त्याबदल्यात काय होतं बघा, मशिनरीसाठीच्या कर्जाला सगळे सभासद मिळून हमी राहायचे, नफा ज्याचं जेवढं दूध त्या प्रमाणात वाटायचा आणि मत माणशी एक, गायी कितीही असोत. आणि पुढे पैसे नुसत्या वजनावर न देता फॅटवर द्यायला लागले. तुमच्या दुखण्याचं मूळ मला इथेच दिसतंय, तुम्ही चांगल्या आणि वाईट मालाला एकच भाव देता का? देत असाल तर चांगला माल बाहेर जाणारच, त्यात सभासदाचा काय दोष.

धागाकर्ती :
हो, एकच सरासरी भाव देतो, भांडणं नकोत म्हणून. हे डोक्यातच आलं नव्हतं कोणाच्या. पण रोखीचं काय करू? आमच्याकडे खेळतं भांडवल नाही, खरेदीदाराचे पैसे आले की मगच वाटतो, आणि घरात अडचण असलेला माणूस थांबूच शकत नाही. त्याला बेईमान म्हणणं मला पटत नाही.

प्रतिसाद :
म्हणूच नका. माल आला की त्याच दिवशी बाजारभावाच्या ठरावीक टक्के उचल द्या, गोदामातल्या मालाच्या तारणावर बँकेकडून कर्ज मिळत असेल तर त्यातून, आणि विक्री झाली की फरकाचं बिल. वर्षअखेरीला जे उरेल ते शेअरवर न वाटता घातलेल्या मालावर बोनस म्हणून वाटा, म्हणजे बाहेर विकलेल्या प्रत्येक पोत्यामागे बोनस बुडतो हे ज्याचं त्याला कळतं. काही भाग राखीव निधीत टाकाच, नाहीतर दरवर्षी उचलीसाठी तीच ओढाताण. आणि आकड्यात दाखवायचं म्हणताय ना, तर प्रत्येक सभासदाचं पान काढा : भाव, वजनातली कपात, पैसे किती दिवसांनी आले, खतात किती वाचले, बोनस किती. व्यापाऱ्याचा जो भाव ऐकू येतो त्यातून हमाली-तोलाई आणि घट वजा करून शेजारी लिहा, मग तुलना खरी होईल. संस्था सुरू व्हायच्या आधीच्या हंगामांच्या पट्ट्या (व्यापाऱ्याने दिलेल्या विक्रीच्या पावत्या) कोणाकडे असतील तर त्याही मिळवा, आजूबाजूला जिथे संस्था नाही तिथले भाव पण बघा, तुमच्या मुद्द्याचा पुरावा तिथेच सापडेल.

सक्तीबद्दल, माझ्या मते पूर्ण सक्ती आत्ता लावू नका, लोक राजीनामे देतील. अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ मध्ये बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनीच विकत घेतली आणि सहकारी केली, तिथे ज्याचे जेवढे शेअर तेवढ्या क्षेत्राचं बीट घालायचा हक्कही आणि बंधनही. तसं तुम्ही हंगामाआधी ज्याला जेवढं झेपेल तेवढं लिहून घ्या, निम्मं तर निम्मं, तेवढं मात्र घातलंच पाहिजे, आणि आधी उचल-खत त्यांनाच.

धागाकर्ती :
हे पटलं, आधी प्रतवारीनुसार भाव आणि उचल, मग लिहून घेणं. फक्त एक राहिलं, लिहून दिलेला माल नाही घातला तर दंड किती ठेवायचा? पीकच बुडालं तर?

प्रतिसाद :
पीक बुडालं तर दंड नाही, हे पोटनियमात स्पष्ट लिहा आणि पाहणी करायला संचालक नको, सभासदांमधूनच दोन-तीन जण नेमा. बाकी वेळी न आलेल्या मालावर क्विंटलमागे तुमचा जो स्थिर खर्च पडतो तेवढाच दंड ठेवा, त्याचा हिशोब सभेत मांडता येतो म्हणून कोणी फारसं भांडत नाही.