मदत हवी आहे: कंट्रोलरपर्यंत काही पोचतच नाही, नुसता ४०४

अर्धाकोडर: सकाळपासून डोकं आपटतोय. बिलांचं मॉड्यूल आहे, लिस्ट दिसते, एकेक बिल उघडतं, नवीन बिल सेव्ह होतं. आज थकीत बिलांचं वेगळं पान केलं तर ४०४, म्हणजे पान सापडत नाही. कंट्रोलरमध्ये (आलेली विनंती हाताळणारा क्लास) मेथड आहे, मॉडेलमध्ये (बिलांच्या टेबलाचा क्लास) स्कोप आहे, म्हणजे फक्त थकीत बिलं निवडायची अट, मेथडच्या पहिल्याच ओळीत डीडी (तिथेच थांबून माहिती छापणारं फंक्शन) टाकलाय तोही लागत नाही. व्ह्यू, म्हणजे पानाची फाइल, दोनदा पुसून लिहिला. लॉग कोरा. अर्जंट आहे.

सेमीकोलन: फ्रेमवर्क कुठलं ते तरी सांगा राव.

अर्धाकोडर: लारावेल, पीएचपीचं, अजून काय.

जुनं_खोड: स्कोप मॉडेलमध्ये लिहिला तिथेच घोळ आहे. असले नियम सर्व्हिस क्लासमध्ये, म्हणजे मॉडेल-कंट्रोलरबाहेरच्या वेगळ्या क्लासमध्ये न्या, मग सगळं सरळ होईल.

रात्रपाळी: काहीही! थकीत म्हणजे काय हे बिलालाच माहीत पाहिजे. मॉडेल जाड, कंट्रोलर बारीक. सर्व्हिस सर्व्हिस करत आमच्या एका प्रोजेक्टात इतके क्लास झाले की प्रत्येकात एकच मेथड, आणि ती पुढच्या क्लासला हाक मारणार.

जुनं_खोड: मुळात एमव्हीसी, म्हणजे ही मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलरची विभागणी, वेबसाठी नव्हतीच. ट्रिग्वे रीन्सकौग यांनी ती १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक भाषेसाठी मांडली, तेव्हा वेब कुठे होतं. जँगो फ्रेमवर्कवाले तर कंट्रोलरच्या कामाला व्ह्यू म्हणतात आणि व्ह्यूला टेम्प्लेट.

सेमीकोलन: प्रश्न ४०४ चा आहे हो. राउट फाइल (कुठला पत्ता कुठल्या मेथडकडे जातो ती यादी) टाका कोणीतरी, म्हणजे अर्धाकोडर तुम्हीच.

पानगळ: फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) राहिलं असणार, माझं अगदी असंच झालं होतं.

अर्धाकोडर: फॉर्मच नाहीये, साधी लिंक आहे. आणि टोकन नसलं की ४१९ येतो. राउट बरोबर आहे, चार वेळा बघितलाय, कॅशपण उडवली.

वाटाड्या: राउट बरोबर असेल, पण कितव्या ओळीत आहे? रिसोर्स राउटच्या (लिस्ट, एक बिल, सेव्ह असे नेहमीचे राउट एकाच ओळीत बनवणारा) खाली का?

अर्धाकोडर: हो, नवीन आहे म्हणून शेवटी टाकला. त्याने काय होतं?

वाटाड्या: तेच तर. राउट वरून खाली जुळवले जातात आणि पहिला जुळला की काम तिथेच संपतं. रिसोर्समध्ये बिल्स नंतर आयडी असा शोचा, म्हणजे एक बिल दाखवणारा, राउट आधीच बनलाय, त्यामुळे बिल्स/थकीत ला तो "थकीत" नावाच्या आयडीचं बिल शोधतो, सापडत नाही, ४०४. मॉडेल बाइंडिंग, म्हणजे पत्त्यातल्या आयडीवरून बिल शोधणं, कंट्रोलरच्या मेथडच्या आधीच होतं, म्हणून शोमध्ये डीडी टाकला असता तरी लागला नसता. आणि मॉडेल सापडलं नाही ही चूक लारावेल लॉगमध्ये लिहीतच नाही, म्हणून लॉग कोरा. तुमचा राउट रिसोर्सच्या वर न्या.

सेमीकोलन: रेल्स फ्रेमवर्कमध्येही हाच क्रम. जँगोत पाथला इंट (फक्त आकडा चालेल) लावला की अक्षरं जुळतच नाहीत, इथे लारावेलमध्ये राउटला व्हेअरनंबर लावून तेच होतं.

अर्धाकोडर: चाललं!! एक ओळ वर नेली फक्त. सकाळपासून मी व्ह्यू पुसत बसलोय. पण पानावर बिलं तीनच दिसतायत, असायला हवीत जास्त, स्कोप चुकला का काय?

जुनं_खोड: सर्व्हिस क्लास.

रात्रपाळी: झालं सुरू.

सेमीकोलन: स्कोप टाका इथे. आख्खा.